जुन्या जिप्सीच्या पोटाखालचे ऑइल: गिअरबॉक्स उतरवण्यापूर्वी काय तपासावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्याकडे १९९८ सालची, कार्ब्युरेटर असलेली मारुती जिप्सी किंग आहे. रात्रभर उभी राहिल्यावर इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या जोडाखाली फरशीवर आठ-दहा थेंब पडतात आणि दर हजार किलोमीटरला साधारण अर्धा लिटर ऑइल वरून घालावे लागते. क्रँकचे (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचे) मागचे ऑइल सील गेले आहे, गिअरबॉक्स उतरवावा लागेल आणि त्याच वेळी क्लच प्लेटही बदलून टाकू, असे गॅरेजच्या मिस्त्रींनी सांगितले आहे. हे काम करून घ्यावे का, असे आपण विचारता. माझे उत्तर आहे, एवढ्यात नाही. मिस्त्रींचे निदान चुकीचेच आहे असा माझा दावा नाही. पण ते निदान त्या जागी थेंब पडतो एवढ्या एकाच गोष्टीवर उभे आहे, आणि जिप्सीच्या या इंजिनाच्या बाबतीत तेवढी एक गोष्ट पुरेशी नाही.

ऑइल जिथून सुटते तिथेच ते खाली पडेल असे नसते. ते आधी इंजिनाच्या अंगावरून, बोल्टांच्या डोक्यांवरून आणि पॅकिंगच्या कडेकडेने वाट काढत सर्वांत खालच्या टोकापर्यंत येते आणि तिथून टपकते. गाडी चालत असताना रेडिएटरचा पंखा आणि समोरून येणारा वारा तेच ऑइल मागे ढकलत नेतात. जिप्सीचे इंजिन लांबीने, म्हणजे गाडीच्या दिशेने बसवलेले असल्यामुळे समोर किंवा वर कुठेही सुटलेले ऑइल मागे सरकत अखेर बेल हाउसिंगवर, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या क्लचच्या कवचावर, येऊन थांबते, आणि त्या हाउसिंगच्या खालच्या कडेवर लोंबणारा थेंब पाहून क्रँकच्या सीलवर ठपका येतो. म्हणून खालून थेंब पाहून निदान करायचे नसते. वरून, सर्वांत उंचावरची आणि सर्वांत पुढची ओली जागा शोधायची असते.

शोधाला लागण्यापूर्वी एक साधा हिशोब करावा. तेलाचा एक थेंब म्हणजे ढोबळमानाने मिलिलिटरचा विसावा ते तिसावा भाग. रोज रात्री दहा थेंब पडले तरी महिनाभरात दहा-पंधरा मिलिलिटरपेक्षा जास्त ऑइल फरशीवर जात नाही. आपली गाडी महिन्याला हजार किलोमीटर चालते असे धरले, तर उरलेले सुमारे ४८५ मिलिलिटर दुसऱ्या कुठल्या तरी वाटेने जात आहे. एक तर ते इंजिन चालू असताना, दाबाखाली, रस्त्यावर सांडत आहे किंवा इंजिनात जळत आहे. जळण्याची शंका घाटात तपासता येते. वरंधा किंवा खंबाटकीसारखा घाट ॲक्सिलरेटर सोडून, गाडी गिअरमध्ये ठेवून उतरावा आणि पायथ्याशी पुन्हा ॲक्सिलरेटर दाबताना मागच्या गाडीतील माणसाला सायलेन्सरकडे लक्ष ठेवायला सांगावे. त्या क्षणी निळसर धुराचा लोट आला तर व्हॉल्व्ह सील झिजली आहेत आणि अर्ध्या लिटरपैकी मोठा वाटा तिथे जात आहे. अशा स्थितीत क्रँकचे सील बदलूनही आपल्याला ऑइल वरून घालतच राहावे लागेल, आणि पैसे वाया गेले असे वाटेल.

यानंतर पडणारे ऑइल कोणते आहे ते ठरवावे. या बाबतीत जिप्सी सोपी आहे. तिचा क्लच केबलचा आहे, त्यामुळे बेल हाउसिंगमधून क्लचचे फ्लुइड गळण्याचा प्रश्नच येत नाही. आपल्या मॉडेलचे स्टिअरिंग साधे असेल, तर पॉवर स्टिअरिंगचे फ्लुइडही वगळता येते. त्या जागी थेंब पडण्यासाठी मग दोनच उमेदवार उरतात, इंजिन ऑइल आणि गिअर ऑइल. पांढऱ्या टिश्यू पेपरवर थेंब घेऊन उजेडात पाहावा आणि हुंगावा. वापरलेले इंजिन ऑइल काळपट असते आणि त्याला जळका वास येतो. गिअर ऑइल जास्त दाट, मधाळ रंगाचे असते आणि त्याला गंधकाचा असा उग्र दर्प असतो की एकदा ओळखला की माणूस तो विसरत नाही. दर्प गंधकाचा असेल, तर क्रँकचे सील सोडून गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या सीलकडे पाहावे लागेल. मिस्त्रींनी ही तपासणी केली होती का, ते त्यांना सरळ विचारावे. चांगला मिस्त्री या प्रश्नाने रागावत नाही.

आता धुण्याचे काम. हे सर्वांत कंटाळवाणे, पण मी तरी ते टाळून गळती शोधायला कधीच सुरुवात करत नाही, कारण पंचवीस वर्षांच्या गाडीच्या पोटाखाली धूळ आणि ऑइल यांचा इतका जाड थर जमलेला असतो की त्यात नवी गळती कोणती आणि जुनी कोणती हे देवालाही सांगता येणार नाही. इंजिन थंड असताना डिझेल किंवा डीग्रीझर ब्रशने लावावे, थर मऊ होऊ द्यावा, मोठे पापुद्रे लाकडी पट्टीने खरवडावेत आणि मग पाण्याने धुवावे. डिस्ट्रिब्युटर (स्पार्क प्लगांना ठिणगी वाटून देणारा भाग), अल्टरनेटर आणि कार्ब्युरेटरचे तोंड आधी प्लास्टिकच्या पिशवीने बांधून घ्यावे. गरम इंजिनावर थंड पाणी मारू नये. धुतल्यानंतर गाडी पूर्ण वाळू द्यावी, आणि डिझेल वापरले असेल तर त्याचा ओलावा उडून जाईपर्यंत इंजिन चालू करू नये. गरम एक्झॉस्टवर ते पेट घेऊ शकते. थर खरवडताना एक गोष्ट नजरेखालून घालावी. थर कोरडा आणि भुसभुशीत असेल ती जागा पूर्वी कधीतरी गळलेली आहे, आणि थर ओला, चमकदार असेल किंवा गळतीने स्वतःच धुऊन काढलेली स्वच्छ रेघ दिसत असेल, तर ती वाट आजही चालू आहे.

गाडीखाली शिरण्याबाबत थोडेसे. जिप्सीचा ग्राउंड क्लिअरन्स २१० मिलिमीटर असल्यामुळे पाहण्यापुरते जॅक न लावताही आत सरकता येते, आणि पाहण्यापुरते तेच बरे. चाके उचलायचीच असतील तर सपाट, पक्क्या जमिनीवर, चाकांना लाकडी ठोकळे लावून आणि चासीखाली घोडी देऊनच. नुसत्या जॅकच्या भरवशावर, किंवा विटांच्या थप्पीवर, कोणीही गाडीखाली जाऊ नये. विटा न सांगता फुटतात.

वाळलेल्या इंजिनावर टाल्कम पावडरची पातळ फवारणी करावी. विशेषतः हेडच्या (इंजिनाच्या वरच्या भागाच्या) मागच्या बाजूला, त्यावरच्या टॅपेट कव्हरच्या कडेने, चेंबरच्या (तळाच्या ऑइल साठवणाऱ्या पत्र्याच्या भांड्याच्या) कडेने आणि बेल हाउसिंगच्या जोडावर. मग पंधरा-वीस किलोमीटर गाडी चालवून आणावी, त्यात थोडा चढही असावा, आणि परत आल्याबरोबर, इंजिन गरम असतानाच, टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन पाहणी करावी. पांढऱ्या पावडरवर गळतीची वाट काळ्या रेघेने उमटलेली दिसते. अतिनील टॉर्चखाली चमकणारा रंग ऑइलमध्ये मिसळण्याची पद्धतही आहे आणि गळती फारच बारीक असेल तेव्हा ती उपयोगी पडते. पण आपल्या गाडीची गळती बारीक नाही, पावडर पुरेल. रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा पसरून त्यावर चारही चाकांच्या जागा पेनाने आखून ठेवाव्यात. सकाळी थेंब नेमका गाडीच्या कोणत्या भागाखाली पडला ते पुठ्ठ्यावरून मोजून सांगता येते आणि पुढच्या आठवड्यात तुलनाही करता येते.

आता मुख्य संशयिताकडे येऊ. आपल्या १.३ लिटरच्या आठ व्हॉल्व्हच्या इंजिनात डिस्ट्रिब्युटर कॅमशाफ्टच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) मागच्या टोकावरून फिरतो. तो ज्या लहान हाउसिंगमध्ये बसतो ते हाउसिंग हेडच्या मागच्या तोंडावर, म्हणजे फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या) अगदी समोर आणि बेल हाउसिंगच्या बरोबर वर, बोल्टने जोडलेले असते. या हाउसिंगचा हेडशी असलेला जोड, आणि डिस्ट्रिब्युटरवरची ओ-रिंग, या दोन्ही ठिकाणचे रबर इंजिनाच्या उष्णतेने कालांतराने कडक होते, चपटे होते आणि ऑइल सोडू लागते. ते ऑइल ब्लॉकच्या मागच्या भिंतीवरून खाली उतरते, इंजिन आणि बेल हाउसिंग यांच्या फटीत शिरते, काही आत जाते, काही बाहेरून ओघळते, आणि खाली नेमके तिथेच टपकते जिथे क्रँकचे सील गेल्यावर टपकले असते. टॅपेट कव्हरच्या पॅकिंगचा मागचा कोपराही याच वाटेवर ऑइल सोडतो. वरून बॉनेट उघडून पाहिले तर हा भाग दिसत नाही. फायरवॉल आणि हेड यांच्यामधल्या अरुंद जागेत आरसा घातल्याशिवाय तो पाहताच येत नाही. म्हणूनच कामाच्या गर्दीत तो पाहिला जात नाही. क्रँक सीलचा संशय घेऊन आलेल्या या जातीच्या इंजिनांपैकी बऱ्याच गाड्यांत दोषी वरच सापडतो, असा माझा अनुभव आहे.

खात्री करण्याची पद्धत अशी. सगळे धुऊन वाळवल्यावर डिस्ट्रिब्युटरच्या हाउसिंगखाली पांढऱ्या सुती फडक्याची घडी अशी खोचावी की वरून आलेले ऑइल तिच्यातच जिरेल, आणि ती तारेने घट्ट बांधावी. एक्झॉस्टला किंवा फिरणाऱ्या कुठल्याही भागाला ती लागता कामा नये. मग पुन्हा तेवढीच फेरी मारावी. फडके काळे होऊन बेल हाउसिंगची खालची कड कोरडी राहिली, तर गळती वरची आहे. फडके स्वच्छ राहिले आणि तरीही खाली ओल आली, तर क्रँकच्या सीलचा, त्या सीलच्या हाउसिंगमागच्या पॅकिंगचा, चेंबरच्या मागच्या कडेचा किंवा हुंगून गिअर ऑइल ठरले तर इनपुट शाफ्टच्या सीलचा विचार सुरू करावा. दोन्ही ओले झाले तर दोन्ही गळत्या आहेत. पंचवीस वर्षांच्या गाडीत तेही अगदी शक्य आहे, आणि तेव्हाही वरची आधी दुरुस्त करून मग खालची मोजावी, कारण वरचे काम स्वस्त आहे.

वरची दुरुस्ती सोपी असली तरी तिच्यात एक खोच आहे. डिस्ट्रिब्युटर काढण्यापूर्वी रोटरचे टोक कोणत्या दिशेला आहे आणि डिस्ट्रिब्युटरचा देह हाउसिंगवर कुठे बसला आहे, या दोन्हींच्या खुणा करून ठेवाव्यात, नाहीतर इग्निशनचे टायमिंग पुन्हा लावावे लागते. खुणा केल्या असल्या तरी टायमिंग लाइटने शेवटी तपासून घेणे चांगले. टोपी उघडून आत ऑइलचा ओलावा आहे का तेही पाहावे. असेल तर शाफ्टचे आतले सीलही गेले आहे आणि नुसती बाहेरची ओ-रिंग बदलून काम अर्धवट राहील. हाउसिंग हेडपासून सोडवले असेल, तर परत बसवल्यावर त्यात थोडे नवे ऑइल घालावे, म्हणजे गिअर पहिल्या स्टार्टला कोरडा फिरणार नाही. जोडाच्या दोन्ही बाजू आरशासारख्या स्वच्छ करून नवी ओ-रिंग ऑइल लावून बसवावी. जुन्यावरच सिलिकॉनची नळी पिळून टाकणारे पुष्कळ असतात. ते सिलिकॉन आत सुटून ऑइल पंपाच्या जाळीपर्यंत पोहोचते, आणि तिथे त्याचे नुकसान गळतीपेक्षा कितीतरी मोठे असते.

कोणतेही सील बदलण्यापूर्वी आणखी एक गोष्ट तपासलीच पाहिजे, आणि गॅरेजमध्ये बहुधा तीच राहून जाते. इंजिनाच्या आतला वायू बाहेर जाण्याची वाट मोकळी आहे का? पिस्टन रिंगांच्या बाजूने थोडा वायू नेहमीच चेंबरमध्ये उतरतो, आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह त्याला इन्टेक मॅनिफोल्डमध्ये ओढून घेतो. हा व्हॉल्व्ह किंवा त्याची नळी काजळीने चोंदली की चेंबरमध्ये दाब वाढतो आणि तो दाब सर्वांत कमजोर सीलमधून ऑइल बाहेर ढकलतो. अशा इंजिनाला नवे सील लावले तरी ते काही महिन्यांत गळू लागते, आणि मग सीलच नकली निघाले असे म्हटले जाते. तपासणी दोन मिनिटांची आहे. इंजिन मंद चालू ठेवून व्हॉल्व्ह टॅपेट कव्हरच्या बाजूने सोडवावा आणि त्याच्या तोंडावर बोट ठेवावे. ओढ स्पष्ट जाणवली पाहिजे. इंजिन बंद करून व्हॉल्व्ह कानाजवळ हलवल्यास आतून खडखड ऐकू आली पाहिजे. आवाज येत नसेल तर तो बदलावा, किंमत नगण्य असते. व्हॉल्व्ह ठीक असूनही ऑइल भरण्याचे झाकण उघडल्यावर धूर फुसफुसत बाहेर येत असेल, तर रिंगा झिजल्या आहेत. तेव्हा कम्प्रेशन मोजून घ्यावे आणि सीलवर किती खर्च करायचा ते त्यानंतर ठरवावे.

याच पाहणीत ऑइलच्या पट्टीचा वास घ्यावा. आपल्या गाडीचा पेट्रोल पंप इंजिनाच्या कॅमशाफ्टवर चालणारा जुना, यांत्रिक असेल, तर त्याच्या पडद्याला भोक पडल्यावर पेट्रोल थेट ऑइलमध्ये मिसळते. ऑइल पातळ होते आणि एरवी न गळणाऱ्या जागांतूनही सुटते. पातळी कमी होण्याऐवजी वाढत असेल किंवा पट्टीला पेट्रोलचा वास येत असेल, तर गाडी चालवणे थांबवून आधी पंप बदलावा आणि ऑइलही बदलावे. आपल्या बाबतीत पातळी घटते आहे, त्यामुळे ही शक्यता कमी आहे, पण वास घ्यायला काही लागत नाही.

इंजिनाच्या बाकीच्या जागा पटापट पाहता येतील. ऑइल प्रेशर स्विचच्या वायरचा कनेक्टर काढून आत ऑइल आहे का पाहावे. हा स्विच मधूनच फुटतो आणि इंजिन चालू असतानाच सोडतो, त्यामुळे रात्री थेंब कमी आणि रस्त्यावर खर्च जास्त, या आपल्या हिशोबाशी तो तंतोतंत जुळतो. ऑइल फिल्टरची जुनी रबर रिंग ब्लॉकला चिकटून राहून तिच्यावरच नवा फिल्टर चढवलेला नाही ना, ते पाहावे. ड्रेन प्लगचा वॉशर दर सर्व्हिसला बदलावा. चेंबरच्या बोल्टांना साधारण १० न्यूटन-मीटर एवढीच ओढ पुरते. गळते म्हणून जो तो ते आणखी आवळत जातो, पत्र्याची कड बोल्टाजवळ दबून लाटेसारखी होते, आणि मग नवे पॅकिंगही धरत नाही. अशी कड हातोडीने सपाट करूनच पॅकिंग लावावे लागते. टायमिंग बेल्टच्या कव्हरखाली ओल असेल तर पुढची सील गेली आहेत, आणि ऑइलने भिजलेला बेल्ट कितीही नवा असला तरी बदललाच पाहिजे.

मागे ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी पेटी, आहे. जिप्सीत ती गिअरबॉक्सला चिकटलेली नसून चासीवर वेगळी टांगलेली असते आणि मध्ये छोटा प्रोपेलर शाफ्ट असतो, त्यामुळे तिच्या गळतीचा थेंब बेल हाउसिंगखाली येणार नाही. तिच्यात एक लिटरपेक्षाही कमी ऑइल मावते. किरकोळ वाटणारी गळती तिला लवकर कोरडी पाडते, म्हणून गाडीखाली गेलाच आहात तर तिचा लेव्हल प्लग उघडून ऑइल प्लगच्या तोंडाशी आहे याची खात्री करावी. पुढच्या आणि मागच्या डिफरन्शियलचे ब्रीदर (हवा बाहेर जाण्याची छिद्रे) मातीने बंद झाले की गरम हवा सीलमधून वाट काढते. ताडोब्यासारख्या कच्च्या वाटांवर चालणाऱ्या जिप्सींत हे सर्रास होते. आधी ब्रीदर साफ करावा, मग पिनियनचे सील. पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला गोल नकलवर (चाक वळवणाऱ्या सांध्यावर) काळी, पातळ झालेली ग्रीस ओघळत असेल, तर आतले ॲक्सल सील जाऊन डिफरन्शियलचे ऑइल ग्रीसमध्ये मिसळले आहे. मागच्या चाकाच्या ड्रमच्या आत ओल दिसली तर मात्र हयगय करू नये. तिथे ब्रेक शू ऑइलने भिजतात आणि ब्रेक एका बाजूला ओढू लागतो, म्हणून ते काम इतर कोणत्याही गळतीच्या आधी करून घ्यावे.

एवढे सगळे पाहूनही फडके स्वच्छ राहिले, पीसीव्ही ठीक निघाला आणि बेल हाउसिंगच्या आतून इंजिन ऑइलच येत असेल, तर मिस्त्रींचे निदान बरोबर ठरले आणि गिअरबॉक्स उतरवावा. तेव्हा एकदा उतरवलेल्या गिअरबॉक्सवर पुन्हा मजुरी द्यावी लागू नये म्हणून क्रँकच्या मागच्या सीलबरोबर सीलच्या हाउसिंगमागचे पॅकिंग, इनपुट शाफ्टचे सील आणि पायलट बेअरिंग एकदमच बदलून घ्यावेत. क्लच प्लेट ऑइलने भिजली असेल किंवा रिव्हेटांपर्यंत झिजली असेल तरच बदलावी. ती बदलण्यापूर्वी आपल्याला दाखवावी, असे आधीच ठरवून घ्यावे. जुन्या सीलने क्रँकवर खाच पाडली आहे का ते नखाने पाहावे. असल्यास नवे सील नेमक्या त्याच खोलीवर न ठोकता थोडे अलीकडे किंवा पलीकडे बसवावे, म्हणजे त्याची कड न झिजलेल्या पृष्ठभागावर टेकते. गळती थांबवणारी बाटलीतली औषधे ऑइलमध्ये घालण्याबाबत आपण विचारलेले नाही, पण कोणीतरी ती सुचवेल. कडक झालेले रबर ती काही काळ फुगवतात आणि गावाला जाण्यापुरती वेळ निभावून नेतात. तपासणी चालू असेपर्यंत मात्र ती वापरू नयेत, कारण मग फडक्याची परीक्षा काहीच सांगणार नाही.

तोपर्यंत गाडी चालवायला हरकत नाही. दर आठवड्याला सपाट जागी, इंजिन थंड असताना पट्टी पाहावी, एक लिटर ऑइल गाडीत ठेवावे, आणि एक्झॉस्टवर ऑइल पडून जळका धूर येऊ लागला किंवा ऑइलचा लाल दिवा क्षणभरही लागला, तर गाडी तिथेच बंद करून टोचन करून आणावी.